सात दहाचा जिना

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोनच केला असता, पण तुझ्या दिवाणखान्यात ते बोलकं डबडं बसलेलं असतं. आपण काय बोललो ते ऐकून ते कुणाच्या कानाला लागतं हे तुलाही ठाऊक नाही. तू हसशील. हस. कागदाला बॅटरी लागत नाही एवढं मला पुरे आहे.

मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात बाबांच्या घरच्या देखरेखीच्या प्रोग्रॅमचं लॉगिन तू मला दिलंस आणि म्हणालीस, "बघ एकदा, म्हणजे तुझी किरकिर थांबेल." बघितलं. बाबांनी तीनच सेन्सर लावू दिले होते: एक जिन्याच्या वळणावर, एक किटलीच्या प्लगमध्ये आणि एक पुढच्या दाराला. दार सोड, ते कधीही उघडतं. पण बाकीचे दोन बघ. सकाळी सात दहाला बाबा जिना उतरतात. सात चौदाला किटली चालू होते. रात्री पावणेदहाला ते जिना चढतात. जानेवारीच्या एकतीसही दिवस हेच. मी वहीत उतरवून काढलं. इकडचं मिनिट तिकडे नाही.

तुला माहीत आहे, कॉम्प्युटरवर ट्रक चालवण्याच्या आमच्या खेळात गटाची राखण माझ्याकडे आहे. सहा वर्षांत मी अकरा जणांना लबाडी करताना पकडून बाहेर काढलं. त्यातले नऊ जण असेच सापडले. गाडी ते चालवतच नव्हते, त्यांनी लावलेला प्रोग्रॅम चालवत होता. माणसाच्या हाताला इतकी नेमकी वेळ साधत नाही गं. एखाद्या दिवशी तो लोळतो, एखाद्या दिवशी चष्मा सापडत नाही, एखाद्या दिवशी चहाच नको वाटतो.

माझा संशय तुमच्या कंपनीवर आहे. सेन्सरकडून खबर आली नाही की तुमचा प्रोग्रॅम कालचाच आकडा आज चिकटवतो आणि हिरवा दिवा दाखवून मोकळा होतो. तू तिथे तपासनीस आहेस, तेव्हा तपास. आपले बाबा शहात्तर वर्षांचे आहेत आणि एकटे राहतात. त्या हिरव्या दिव्यावर विसंबून आपण दोघं निवांत झोपतो.

तुझा,
खुडबुड्या


८ फेब्रुवारी

प्रिय खुडबुड्या,

पत्र मिळालं. पोस्टमननं दारात उभं राहून विचारलं, "कोर्टाचं आहे का?" इतका त्याला अचंबा वाटला.

आधी तुझ्या संशयाचं बघते. आमचा प्रोग्रॅम कालचा आकडा आज चिकटवत नाही. खबर आली नाही तर दिवा पिवळा होतो. हे मी स्वतः दोनशेहून जास्त वेळा तपासलं आहे. सेन्सर काढून, वायर तोडून, वीज घालवून, सगळं करून बघितलं. तेव्हा न बघता कुणाच्या कामाला नावं ठेवू नकोस. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बारा वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर चालतं, आणि अपडेट म्हटलं की तुझ्या अंगावर काटा येतो. खेळायचे गेमसुद्धा तू म्युझियममधून उचलून आणल्यासारखे खेळतोस. नवीन ते सगळं चोर, असं तुझं एकदा ठरलेलं आहे.

आणि बाबांचं म्हणशील तर त्यांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. आठची वेळ दिली की पावणेआठला हत्यारांची पेटी घेऊन इमारतीच्या दाराशी हजर. आई म्हणायची, यांच्याकडे बघून घड्याळ लावावं. असा माणूस सात दहाला जिना उतरला तर त्यात लबाडी कुठे आली?

खरं सांगू? मला तुझाच संशय येतो. आपलं काय ठरलं होतं ते आठव. दिवा हिरवा आहे तोवर बाबा त्यांच्या घरात एकटे राहतील, तीन दिवस पिवळा झाला तर माझ्याकडे येतील. बाबांनी स्वतः मान डोलावली होती. तुला ते मनातून कधीच पटलं नव्हतं. ते माझ्याकडे आले तर रविवारी संध्याकाळी तुझ्याबरोबर ट्रक कोण चालवणार? आता तू दिव्यालाच खोटं ठरवायला निघालास. उद्या तो खरोखर पिवळा झाला तरी "यंत्रावर काय विश्वास ठेवायचा" म्हणायला तू मोकळा.

त्यांच्यासाठी इकडची खोली मी रंगवून ठेवली आहे. खिडकीतून झाड दिसतं. हे तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. सोळा तारखेला ते डोळे तपासायला माझ्याकडे येणार आहेत, दोन रात्री राहतील. तेव्हा दाखवेन त्यांना.

ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

खोली रंगवूनसुद्धा ठेवलीस! म्हणजे दिवा कधी पिवळा होतोय याची तू वाटच बघतेस. आणि संशयी मी!

रविवारच्या खेळावरून टोमणा मारलास म्हणून सांगतो. बाबांना त्या खेळात गोडी आहे. त्यांना एक गोष्ट मिळते तिथे. माल भरायचा, वेळेत पोचवायचा, पोचल्यावर कुणीतरी "शाब्बास" म्हणायचं. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी शाब्बास म्हटलेलं नाही, मी नाही आणि तूही नाहीस. तुला गेम म्हणजे वेळेची नासाडी वाटते. तुझं ते पावलं मोजणारं घड्याळ तुला दिवसातून चार वेळा शाब्बास म्हणतं, ते मात्र तुला चालतं.

हल्ली ते जरा मंदावलेत हे कबूल करतो. वळणावर ब्रेक उशिरा लागतो, मध्येच "थांब रे, पाय अवघडला" म्हणतात. आठ दिवसांपूर्वी त्यांच्यामुळे आमचा सगळा ताफा मागे पडला आणि मी त्यांच्यावर चिडलो. माइकमधून नुसती फ्रिजची घरघर ऐकू येत होती. मला नंतर वाईट वाटलं.

पण लबाडी त्यांच्या रक्तात नाही. गटातल्या एकानं त्यांना आपोआप गाडी चालवणारा प्रोग्रॅम देऊ केला होता, तर म्हणाले, "मग मी काय करू? टाळ्या वाजवू?" म्हणून म्हणतो, घोळ तुमच्याकडेच आहे. प्रोग्रॅमची आतली नोंद मागवून घे. नुसता रंगीत आलेख बघू नकोस.

खुडबुड्या


१८ फेब्रुवारी

खुडबुड्या,

या वेळी "प्रिय" लिहायला हात धजत नाही.

काल सकाळी बाबा माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर बसले होते. चहात बिस्कीट बुडवत होते. माझा फोन टेबलावर होता. सात दहाला त्यावर हिरवी खूण आली: बाबा जिना उतरले. सात चौदाला दुसरी: किटली चालू झाली. दीडशे किलोमीटरवरच्या बंद घरात! पुढच्या दाराची नोंद बघितली. आदल्या दुपारी बाबा निघाले तेव्हा ते उघडलं होतं, त्यानंतर एकदाही नाही.

बाबांना काही बोलले नाही, उगाच घाबरतील. ते निघून गेल्यावर आतली नोंद मागवली. तू म्हणतोस तसा कालचा आकडा चिकटवलेला नाही. सेन्सरनं खरोखरच खबर पाठवली आहे. मग उरलं कोण? लॉगिन आपल्या दोघांकडेच आहे, आणि यंत्रांची पोटं फाडणं हा तुझा धंदा आहे. माझं काम खोटं ठरवायला तू आत शिरून खोट्या खुणा पाठवत असशील तर तसं सांग. तुझं लॉगिन मी आज बंद केलं आहे.

दुसरी गोष्ट. माझं पोट दुसऱ्याच्या चुका शोधण्यावर चालतं हे तू विसरलास. माइकमधून फ्रिजची घरघर ऐकू आली म्हणून तू लिहिलंस. बाबांचा कॉम्प्युटर माडीवर आहे. फ्रिज खाली स्वयंपाकघरात आहे. मध्ये सतरा पायऱ्या आणि दोन दारं आहेत. मग घरघर कशी ऐकू आली? तू काय लपवतोयस?

आणि पायऱ्या उतरताना बाबा माझा दंड घट्ट धरत होते. विचारलं तर म्हणाले, "चप्पल नवी आहे." चप्पल मी दोन वर्षांपूर्वी घेऊन दिलेली आहे.

मला आता कुणाचंच खरं वाटत नाही, ना तुझं, ना त्यांचं, ना माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं. एक तारखेला मी गाडी घेऊन येते आणि त्यांना इकडे घेऊन जाते. मध्ये पडू नकोस.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

शिव्या दे, पण आधी शेवटपर्यंत वाच.

लपवलं होतं. ऑक्टोबरात बाबांचा कॉम्प्युटर मीच उचलून खाली आणला. "वर उकडतं," म्हणाले. ऑक्टोबरात उकडतं हे मी मानून घेतलं. "ताईला सांगू नकोस, तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं," असंही म्हणाले, म्हणून सांगितलं नाही. नोव्हेंबरात त्यांनी माझ्याकडून जुन्या प्रिंटरची मोटर आणि दुकानाच्या पाटीचा दिवा आपोआप लावणारा टायमर मागून घेतला. कुंड्यांना पाणी घालायला, म्हणाले. त्यांच्याकडे एकच कुंडी आहे आणि तिच्यात निवडुंग आहे, हे मला तुझं पत्र वाचल्यावर आठवलं. तुझ्या प्रोग्रॅमला मी हात लावलेला नाही. शपथ.

काल न कळवता त्यांच्याकडे गेलो. बेल वाजवली आणि मनात मोजत बसलो. दार उघडायला त्यांना सव्वादोन मिनिटं लागली. दारातून मला आत घेईनात. "पसारा आहे," म्हणाले. मी पोलिसासारखा घुसलो.

माडीवर कुणीही राहत नाही, ताई. कठड्यावर बोटभर धूळ आहे. बाबा फ्रिजशेजारच्या सोफ्यावर झोपतात. आणि जिन्याच्या मधल्या पोकळीत त्यांनी एक लिफ्ट बांधली आहे.

खरंच लिफ्ट. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला भोकं पाडून आत पिवळा बल्ब. तो सेन्सर माणूस ओळखत नाही, काहीतरी गरम आणि हलतं ओळखतो, हे त्यांनी बरोबर हेरलं. लिफ्टच्या दारांनाही तसले डोळे असतात म्हणे. वर कप्पी, दुसऱ्या टोकाला तोल सांभाळायला जुनं कुलूप. टायमर सकाळी सात दहाला आणि रात्री पावणेदहाला मोटर चालू करतो, डबा वळणापर्यंत चढतो, खाली येतो, तळाचं बटण दाबलं जातं आणि सगळं थांबतं. किटलीलाही तसाच टायमर. दोरी इतकी सरळ चालते की मी तिथेच उभा राहून तीनदा बघितली. मला राग यायला हवा होता, पण आधी तोंडातून "वा!" गेलं.

राग नंतर आला. तुझ्याकडे येताना ते दोन्ही टायमर काढायला विसरले होते. किटलीत घोटभरच पाणी होतं, ते आटलं आणि तिचं बूड जळून काळं झालं. ओटाही करपला आहे. घर पेटलं असतं. अकरा जणांना लबाडीसाठी पकडणारा मी, आणि बारावा माझ्याबरोबर दर रविवारी ट्रक चालवत होता.

विचारलं, "हे कशासाठी?" तर म्हणाले, "दुरुस्तीचा अहवाल मी लेखी देतो. तोंडी देत नाही." आणि मला चहा करून दिला, पातेल्यात.

खुडबुड्या


२५ फेब्रुवारी

चिरंजीव दोघांस,

कार्बन घालून लिहितो आहे, म्हणजे मी एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं असा वाद नको.

लिफ्ट मी बांधली. इतर कुणाचा हात नाही. किटलीचा टायमर काढायचा राहिला, ती माझी गंभीर चूक आहे आणि ती मला मान्य आहे. नोकरीत असतो तर अशा चुकीसाठी मी हाताखालच्या माणसाला घरी पाठवला असता.

आता कारण. सप्टेंबरात तुम्ही सेन्सर लावलेत. ऑक्टोबरच्या चार तारखेला सकाळी मी जिन्याच्या वळणावर पडलो. उजवा गुडघा पायरीच्या कडेवर आपटला. उठता येईना. म्हटलं, चला, आता यंत्राची परीक्षा होईल. सव्वा तास तिथेच बसून होतो. किटली वेळेत चालू झाली नाही म्हणून दिवा पिवळा झाला असणार, कारण खिशातला फोन वाजला. मला वाटलं, ताई. फोनमध्ये एक बाई होती, पण ती बाई नव्हती, ध्वनिमुद्रण होतं. "आपण ठीक आहात का? ठीक असल्यास एक दाबा." मी थोडा वेळ थांबलो. तिनं पुन्हा तेच विचारलं. मी एक दाबलं.

त्यानंतर कुणाचा फोन आला नाही. दुपारी मी बसत बसत खाली आलो. कॉम्प्युटर खाली आल्यावर रविवारी खुडबुड्याबरोबर ट्रक चालवला. तो म्हणाला, बाबा, आज झोपलात की काय.

ताई, सेन्सर लावण्याआधी तू रोज सकाळी आठला फोन करायचीस. काय केलं, काय खाल्लं, पेपरात काय आहे. कधीकधी मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. सेन्सर लागले त्या आठवड्यापासून तो फोन बंद झाला. मी म्हटलं, बरोबरच आहे. तिला आता सगळं दिसतं. पण दिसत होता तो जिना.

मग मी विचार केला. तुम्हाला जिन्याची खबर हवी आहे, तर जिन्याची खबर देऊ. लिफ्ट तयार होईपर्यंत रोज बसत बसत वळणापर्यंत जाऊन येत होतो. मला या घरातून हलायचं नव्हतं. ताईच्या खोलीतून झाड दिसतं, छान आहे. पण तिथे मी पाहुणा असेन आणि बसल्या जागी सगळं मिळालं की माझे हात महिनाभरात गंजतील. लिफ्ट बांधली ते तीन आठवडे मला गुडघ्याची आठवणसुद्धा राहिली नाही. फसवणूक केली हे खरं. त्याचं वाईट वाटतं. तुम्ही महिनोन्महिने फसलात त्याचं त्याहून जास्त वाईट वाटतं.

लिफ्ट काल उतरवली. मोटर पोस्टानं परत पाठवत आहे. सात दहाला आता या घरात काहीही होत नाही. मी कधी सहाला उठतो, कधी नऊला. गुडघा दुखला तर तसाच पडून राहतो. दिवा पिवळा दिसेल. एक तारखेला न्यायला यायचं असेल तर या. दार उघडायला वेळ लागेल.

तुमचा,
बाबा


१ मार्च

ती. बाबा,

गाडी काढली नाही. सकाळी किल्ली हातात घेऊन बसले होते, तेवढ्यात पोस्टमन आला.

ते "एक दाबा" मी तपासलं होतं, बाबा. माझ्या वहीत त्याची नोंद आहे. माणूस बटण दाबू शकला म्हणजे तो ठीक आहे, असं लिहून मी खाली सही केली आहे. दोनशे प्रकारे ते यंत्र मोडून बघितलं, पण पडलेला माणूस लाजेनं एक दाबेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. ऑक्टोबरच्या चार तारखेची नोंद आज काढली. पिवळा, मग हिरवा. मी तेव्हा ऑफिसात होते, फोन हातात होता. बघितलं असणार आणि पुढे सरकवलं असणार. मला आठवतसुद्धा नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

रविवारी खुडबुड्या आणि मी दोघंही येतो. तो तुमचा पलंग खाली आणेल, मी तुम्हाला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेईन. तिथे चप्पल नवी आहे म्हणालात तर मी सगळ्यांसमोर भांडेन. घर सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी विचारत राहीन. तीन सेन्सर काढून खोक्यात भरायचे आहेत, स्क्रू काढायला तुम्ही लागाल. आणि ती लिफ्ट मोडली असली तरी पुन्हा एकदा जोडून मला दाखवा. खुडबुड्यानं तीनदा बघितली, मी एकदाही नाही.

हे पत्र पोचायला तीन दिवस जातील. तोवर मला थांबवणार नाही. हे पाकीट डकवून झालं की लगेच फोन करते आहे. उद्याही करेन, परवाही, आठ वाजता, कंटाळा आला तरी.

उचला बाबा. मी आहे. काही दाबू नका, बोला.

तुमची,
ताई